आधी मंडळी, मग कपाटे

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात वसंत लागतो तो मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यानंतर. पार्थसारथी मंदिरासमोरच्या तळ्यात दिव्यांनी सजवलेला तराफा सोडतात, त्यावर देव बसतो आणि तळ्याच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. पुढच्या पंगुनी महिन्याच्या आसपास रामनवमी येते. चित्तिरै महिन्यात, एप्रिल-मेच्या उन्हात, पार्थसारथीचा ब्रह्मोत्सव असतो. मधल्या दिवसांत वार्षिक परीक्षा चालतात. इथल्या ‘मॅन्शन’ नावाच्या जुन्या भाड्याच्या इमारतींतून राहणारी एकटी मुले वह्या घेऊन ग्रंथालयांकडे जाताना दिसतात आणि भारती सालैच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांभोवती गर्दी होते. चांद्र पंचांगामुळे अलीकडे रमजानही याच दिवसांत येऊ लागला आहे.

ब्रह्मोत्सवाच्या मिरवणुकीत एक क्रम पाळला जातो. देवाच्या पुढे तमिळ दिव्यप्रबंध म्हणणारी मंडळी चालतात आणि देवाच्या मागे वेद म्हणणारी. आळवार या वैष्णव संतकवींची चार हजार पद्ये तोंडपाठ असलेले लोक ओळीने उभे राहून एका आवाजात म्हणतात. वाटेवरचा माणूस थांबतो, ऐकतो, ओळखीची ओळ आली की त्यांच्यात सूर मिसळतो. हे मंदिर पल्लवकाळापासूनचे आहे. दंतिवर्मन पल्लवाचा शिलालेख तिथे आहे. एवढ्या दीर्घ काळात या वस्तीला ग्रंथ चारचौघांत उघडायची सवय लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तके आली, वर्तमानपत्रे आली, तरी ती सवय सुटली नाही. तिरुवल्लिकेणीत वाचनाची जी जी संस्था उभी राहिली, तिच्यात बहुतेक वेळा आधी मंडळी जमली आणि पुस्तकांची कपाटे मागाहून आली. भारतातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासात या एका पेठेचा वाटा मोठा आहे, आणि त्या वाट्यात पुणे, बडोदा आणि तंजावरच्या मराठी माणसांचे धागेही गुंतलेले आहेत.

मराठी वाचकाला तुलना सहज सुचेल. पुण्यात १८४८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली; तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. रत्नागिरीत त्याच्याही आधी, १८२८ मध्ये ग्रंथालय होते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. या पहिल्या ग्रंथालयांच्या पाठीशी बहुधा इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या भोवतालचे नवशिक्षित लोक होते. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. म्हणजे पुण्यात पुस्तकांच्या कपाटानंतर जवळजवळ तीन दशकांनी भर उन्हाळ्यातली ही श्रोत्यांची मंडळी जमली. तिरुवल्लिकेणीत हा क्रम उलटा दिसतो.

अपवाद एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. इंग्रज ज्याला ट्रिप्लिकेन म्हणत, त्या या भागाचा मोठा हिस्सा अर्काटच्या नवाबाच्या छायेत वाढला. मुहम्मद अली वालाजाहने १७६० च्या दशकात चेपाक राजवाडा बांधला. १७९५ मध्ये त्याच्या घराण्याने तिरुवल्लिकेणीत मोठी मशीद उभी केली. ग्रॅनाइटच्या त्या मशिदीत बांधणीचे वर्ष गुंफलेली जी फारसी रचना कोरली आहे, ती नवाबाच्या पदरी असलेल्या राजा मक्खनलाल ‘खिरद’ या हिंदू मुनशीची. फारसी ही तेव्हा दोन्ही धर्मांच्या शिकलेल्या लोकांची सामाईक भाषा होती. १८५० मध्ये एडवर्ड बाल्फर या स्कॉटिश डॉक्टरच्या पुढाकाराने इथे मुहम्मदन पब्लिक लायब्ररी निघाली. मद्रासचे वस्तुसंग्रहालय उभारण्यातही त्याच बाल्फरचा हात होता. अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथांचे हे वाचनालय राजवाड्याच्या आणि अधिकाऱ्याच्या आधाराने उभे राहिले. पेठेतल्या सामान्य शिक्षकांनी, वकिलांनी आणि कारकुनांनी मात्र दुसरा रस्ता धरला.

तो रस्ता म्हणजे ट्रिप्लिकेन लिटररी सोसायटी. नावात साहित्य असले, तरी तिथे मुख्य काम चर्चेचे होते. शहरातले तरुण एकत्र यायचे, निबंध वाचायचे, वाद घालायचे. १८७८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात टी. मुत्तुस्वामी अय्यर या पहिल्या भारतीय न्यायाधीशाची नेमणूक झाली आणि इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. या टीकेला उत्तर द्यायला भारतीयांच्या हातात इंग्रजी पत्र नव्हते. सोसायटीतल्या सहा जणांनी ते काढायचे ठरवले. जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि एम. वीरराघवाचारियार हे दोघे शिक्षक. टी. टी. रंगाचारियार, पी. व्ही. रंगाचारियार, डी. केशवराव पंत आणि एन. सुब्बाराव पंतुलु हे चौघे कायद्याचे विद्यार्थी. एक रुपया बारा आणे उसने घेऊन त्यांनी ‘द हिंदू’च्या पहिल्या अंकाच्या ८० प्रती छापून घेतल्या. तारीख होती २० सप्टेंबर १८७८.

तेव्हा ते साप्ताहिक होते. पुढे त्याचे दैनिक झाले. सुब्रह्मण्य अय्यर यांनी १८८२ मध्ये ‘स्वदेशमित्रन’ हे तमिळ पत्रही सुरू केले. १८८५ मध्ये मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यात पहिला ठराव मांडणारे हेच सुब्रह्मण्य अय्यर. पेठेतल्या चर्चामंडळातला शाळामास्तर सात वर्षांत देशाच्या व्यासपीठावर पोहोचला, याचे श्रेय त्या मंडळाच्या शिस्तीलाही द्यावे लागेल. भर सभेत उभे राहून मुद्दा मांडायचा, समोरच्याचा मुद्दा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचे, याचा सराव तिथे अनेक वर्षे झालेला होता.

याच सोसायटीने १८९३ मध्ये एका तरुण, फारशा कोणाला माहीत नसलेल्या संन्याशाचे भाषण ठेवले. स्वामी विवेकानंद तेव्हा अमेरिकेला निघण्याच्या विचारात होते. त्याच वर्षी मेअखेर ते मुंबईहून बोटीत बसले. मद्रासच्या सुशिक्षितांशी त्यांची ओळख घडवण्यात तिरुवल्लिकेणीच्या मंडळींचा मोठा भाग होता. इथलेच शिक्षक अळसिंग पेरुमाळ यांनी दारोदार फिरून त्यांच्या प्रवासासाठी वर्गणी गोळा केली. चार वर्षांनी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, विवेकानंद जगप्रसिद्ध होऊन परतले तेव्हा ते नऊ दिवस तिरुवल्लिकेणीच्या समुद्रकाठी आइस हाउसमध्ये राहिले. अमेरिकेतून बोटीने येणारा बर्फ साठवण्यासाठी बांधलेली ती जुनी इमारत. त्या मुक्कामातले एक व्याख्यान त्यांनी लिटररी सोसायटीपुढेच दिले. ती इमारत आज विवेकानंदर इल्लम या नावाने ओळखली जाते.

वाचनापासून व्यवहारापर्यंत जायलाही या मंडळींना फार दिवस लागले नाहीत. १९०४ मध्ये ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन झाली. शहरी ग्राहकांनी चालवलेल्या भारतातल्या पहिल्या सहकारी भांडारांत तिची गणना होते. तांदूळ, डाळ, तूप अशा रोजच्या जिनसा वाजवी भावात आणि चोख वजनात मिळाव्यात, एवढीच मागणी होती. तिच्या संस्थापकांत पेठेतल्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. शाळा, चर्चामंडळ आणि सहकारी दुकान या तिन्ही ठिकाणी तीच माणसे दिसतात. सकाळी शिकवायचे, संध्याकाळी सभेत बोलायचे आणि महिनाअखेरीस भांडाराचे हिशेब तपासायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

शास्त्रींची पुढची वाट पुण्याला गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. शास्त्रींनी मुख्याध्यापकपद सोडले आणि १९०७ मध्ये ते समाजात दाखल झाले. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले. त्यांच्यानंतर समाजाचे अध्यक्षपद तिरुवल्लिकेणीच्या या शिक्षकाकडे आले. पुण्यात जन्मलेली संस्था त्यानंतर अनेक वर्षे एका तमिळ माणसाने चालवली, ही गोष्ट महाराष्ट्रात क्वचितच सांगितली जाते. हिंदू हायस्कूलमधूनच पुढे १९२० च्या दशकात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा विद्यार्थी शिकून गेला आणि १९८३ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सभागृह अपुरे पडले की तिरुवल्लिकेणीचे लोक वाळूवर जमत. मरीनाचा इथला पट्टा म्हणजे पेठेचे अंगण होते. मे १९०७ मध्ये बिपिनचंद्र पाल यांची स्वदेशीवरची व्याख्याने याच वाळूत झाली. त्यांना बोलावण्याच्या खटपटीत तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती पुढे होते. भारती तेव्हा ‘इंडिया’ या साप्ताहिकाचे काम पाहत. टिळकांना ते राजकारणातले गुरू मानत. १९०७ च्या सुरत अधिवेशनाला ते टिळकांच्या बाजूने गेले होते. १९०६ मध्ये त्यांनी शिवाजी महाराज आपल्या सैन्याला उद्देशून बोलत आहेत अशी कल्पना करून एक दीर्घ कविता लिहिली. वाळूच्या या सभास्थानाला लोकांनी टिळक घाट असे नाव दिले. तमिळमध्ये ‘तिलकर तिडल’. मंडालेच्या तुरुंगात असलेल्या मराठी माणसाचे नाव मद्रासच्या किनाऱ्यावर रोजच्या बोलण्यात राहिले.

मार्च १९१९ मध्ये गांधीजी मद्रासला आले. रौलट कायद्याविरुद्ध देशभर एक दिवस काम बंद ठेवून उपास आणि प्रार्थना करायची, ही कल्पना त्यांना राजाजींच्या घरी मुक्कामाला असताना सुचली. ३० मार्च ठरली होती, ती पुढे ६ एप्रिल झाली. त्या दिवशी तिरुवल्लिकेणीच्या वाळूवर प्रचंड सभा भरली. या सभांना ध्वनिवर्धक नव्हते. वक्त्याचा आवाज पोहोचेल तिथपर्यंत लोक बसत आणि मागच्यांना पुढचे लोक सांगत. पत्रके वाटली जात आणि घरी जाऊन मोठ्याने वाचली जात. मद्रास इलाख्यातल्या साक्षर-निरक्षरांनी राजकारणाचे पहिले धडे अशा ऐकीव वाचनातून घेतले. भारती स्वतः शेवटच्या काळात पार्थसारथी मंदिराजवळच्या तुळसिंग पेरुमाळ कोविल रस्त्यावर राहिले. सप्टेंबर १९२१ मध्ये ते गेले. १९९३ मध्ये राज्य सरकारने ते घर विकत घेऊन स्मारक केले.

वाळूवर या सभा भरत होत्या, त्याच वर्षांत दुसऱ्या प्रकारची एक मंडळी जमली, आणि तिचे ग्रंथालय पुण्यात होते. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातले डेप्युटी कलेक्टर, पण गणिताचे वेडे. परदेशी गणिती नियतकालिके एकेकट्याला परवडत नाहीत. तेव्हा चारचौघांनी वर्गणी काढून ती मागवावीत आणि आळीपाळीने वाचावीत, असे पत्र त्यांनी ओळखीच्या प्राध्यापकांना लिहिले. ४ एप्रिल १९०७ रोजी संस्था स्थापन झाली. तिचेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाले. अंक ठेवायचे कुठे, हा प्रश्न फर्ग्युसन कॉलेजने सोडवला. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर र. पु. परांजपे तिथे प्राचार्य होते. फर्ग्युसनमधून अंक टपालाने सभासदांकडे जात, वाचून झाले की पुढच्या सभासदाकडे आणि शेवटी पुन्हा पुण्याला. असे हे टपालावर चालणारे ग्रंथालय होते, आणि त्याचे वाचक देशभर विखुरलेले होते.

या सोसायटीच्या जर्नलमध्ये १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला लेख आला. मद्रास बंदरात महिना ३० रुपयांवर कारकुनी करणाऱ्या या तरुणाला मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाची दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती मिळाली. तेव्हा तो तिरुवल्लिकेणीच्या हनुमंतरायन कोविल रस्त्यावर आई आणि पत्नीसह राहत होता. गल्लीतल्या घरातून निघून एग्मोरला कॉनिमारा लायब्ररीत जायचे, तिथेच असलेल्या विद्यापीठाच्या संग्रहातली पुस्तके पाहायची आणि परत येऊन पाटीवर गणिते मांडायची, असे त्याचे दिवस गेले. १७ मार्च १९१४ रोजी तो बोटीने इंग्लंडला निघाला.

काही गल्ल्या ओलांडल्या की तिरुवेट्टीश्वरनपेट लागते. तिथे उ. वे. स्वामिनाथ अय्यर राहत. तमिळ लोक त्यांना ‘तमिळ ताता’, म्हणजे तमिळचे आजोबा म्हणतात. १९ फेब्रुवारी १८५५ ही त्यांची जन्मतारीख. शिवजयंतीचा आणि गोखल्यांच्या पुण्यतिथीचा तोच दिवस. आधी कुंभकोणमला आणि १९०३ पासून प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी तमिळ शिकवले. बाकीचे सारे आयुष्य ताडपत्रांच्या मागे गेले. खेड्यापाड्यांत, मठांत, वतनदारांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली बाडे शोधायची, एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती जमवायच्या, पाठभेद लावायचे आणि छापायचे. ‘चीवक चिंतामणी’ १८८७ मध्ये, ‘शिलप्पदिकारम’ १८९२ मध्ये, ‘पुऱनानूऱु’ १८९४ मध्ये, ‘मणिमेखलै’ १८९८ मध्ये अशी ती छापून निघाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ काव्याचा मोठा भाग आज वाचता येतो तो या कामामुळे. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे दफ्तरे धुंडाळत गावोगाव फिरत होते, त्याच काळातले हे काम.

कुंभकोणमला आपल्याला नोकरी मिळवून देणाऱ्या त्यागराज चेट्टियार यांची आठवण म्हणून स्वामिनाथ अय्यरांनी तिरुवल्लिकेणीतल्या घराला ‘त्यागराज विलासम’ नाव दिले. ते घर म्हणजे मुद्रणप्रत तयार करण्याची शाळाच होती. एक जण ताडपत्र वाचतो, दुसरा लिहून घेतो, तिसरा आधीच्या प्रतीशी ताडून पाहतो. दुसऱ्या महायुद्धात मद्रासवर बॉम्ब पडण्याची भीती पसरली, तेव्हा त्यांना तिरुक्कळुकुन्ऱम येथे हलवले गेले आणि २८ एप्रिल १९४२ रोजी तिथेच ते गेले. पुढच्याच वर्षी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यांच्या नावाचे ग्रंथालय स्थापन केले. हस्तलिखिते आणि पुस्तके तिथे सुखरूप आहेत. तिरुवल्लिकेणीतले घर मात्र २०१२ मध्ये पाडले गेले. ज्या पेठेत भारतींचे भाड्याचे घर सरकारने जपले, तिथेच हे स्वतःचे घर वाचले नाही, याची हळहळ तमिळ वाचकांत आजही ऐकू येते.

रामनवमीच्या दिवसांत पेठेत कथा आणि गाणे असते, आणि त्या कथेत मराठी मिसळलेली आहे. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. शरफोजीराजांनी तिथले सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद तिथे आजही आहेत. राज्य गेल्यावरही मराठी कीर्तनकारांची ये-जा थांबली नाही. रामचंद्रबुवा मोरगावकर यांचे कीर्तन तंजावरात गाजले आणि ते ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी, हातात चिपळ्या, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पदांच्या बरोबरीने आले. तमिळ भागवतर भर सभेत साकी म्हणतात तेव्हा ती मूळची कुठली हे कोणाला सांगावे लागत नाही. तिरुवल्लिकेणीत १८९६ मध्ये स्थापन झालेली श्री पार्थसारथी स्वामी सभा ही चेन्नईतली सर्वांत जुनी संगीतसभा. मद्रासचा डिसेंबरचा संगीतमोसम सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून पेठेतले लोक गाण्याला आणि कथेला तिथे येत होते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रामायण, भक्तविजय आणि संतचरित्रे ठाऊक व्हावीत, हे काम कथेने केले.

आता कपाटांकडे यायला हवे.

नोव्हेंबर १९१९ मध्ये मद्रासच्या गोखले हॉलमध्ये पहिली अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली. आंध्रात गावोगाव ग्रंथालये काढणारे अय्यंकी वेंकटरमणय्या यांनी ती बोलावली होती आणि अध्यक्ष होते बडोदा संस्थानचे ग्रंथालयप्रमुख जे. एस. कुडाळकर. बडोद्याला हा मान मिळण्याचे कारण उघड होते. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले होते. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्या. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना राज्याचा पैसा आणि शिकलेला ग्रंथपाल मिळाला तर काय होते, हे भारतात प्रथम तिथे दिसले.

मद्रासमध्ये ती जबाबदारी शियाळी रामामृत रंगनाथन यांच्यावर आली. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांतच त्यांना तिथला शुकशुकाट असह्य झाला आणि ते शिकवण्याकडे परत निघाले होते. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालये पाहून या, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. लंडनमध्ये त्यांनी पाहिले की वस्तीतले ग्रंथालय मुलांना, कामगारांना, गृहिणींना नावानिशी ओळखते. परत आल्यावर त्यांनी कपाटे खुली केली. वाचकाने स्वतः फळीपर्यंत जावे, पुस्तक हाताळावे, ही मुभा तेव्हा भारतात दुर्मीळ होती.

जानेवारी १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९२९ च्या उन्हाळ्यात संघाने ग्रंथपालांसाठी वर्ग घेतला. शाळा-कॉलेजांना सुट्टी असल्याने शिक्षक मोकळे असत, म्हणून हे दिवस निवडले गेले. १९३१ मध्ये विद्यापीठाने तो वर्ग आपल्याकडे घेतला. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाची ही एक मुख्य सुरुवात. त्याच वर्षी रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरचा ग्रंथ संघाने प्रकाशित केला. पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा ते वापरात असणे महत्त्वाचे, हा त्यातला पहिला विचार. हे सूत्र नेमक्या शब्दांत बसवायला आपले जुने गणिताचे गुरू प्रा. रॉस यांची मदत झाली, असे रंगनाथन कृतज्ञतेने सांगत. ऑक्टोबर १९३१ मध्ये मन्नारगुडीजवळ बैलगाडीतून फिरते ग्रंथालय सुरू झाले. सप्टेंबर १९३६ मध्ये चेपाकला समुद्रासमोर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची नवी इमारत उघडली; तिरुवल्लिकेणीच्या घरांतून तिथे पायी जाता येते. १९६७ मध्ये रंगनाथन यांनी रामानुजन यांच्यावर चरित्रग्रंथ लिहिला. एकाच पेठेच्या आसपास घडलेली ही दोन आयुष्ये त्या पुस्तकात एकत्र आली.

ग्रंथालयाला कायद्याचा आधार हवा, हा रंगनाथन यांचा आग्रह होता. १९३० मध्ये बनारसच्या शिक्षण परिषदेत त्यांनी नमुना कायदा मांडला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा करून देशात पहिला मान मिळवला. १९४८ मध्ये मद्रास प्रांताचा कायदा झाला. शिक्षणमंत्री टी. एस. अविनाशिलिंगम चेट्टियार यांनी तो विधिमंडळात नेला आणि १ एप्रिल १९५० पासून त्याचा अंमल सुरू झाला. मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवायचा, तो पैसा स्थानिक ग्रंथालय प्राधिकरणाला द्यायचा आणि त्यातून शाखा ग्रंथालये चालवायची, ही त्याची रचना. घराचा कर भरणारा प्रत्येक जण नकळत ग्रंथालयाचा वर्गणीदार झाला.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला तेव्हा दुसरी वाट निवडली. इथे उपकर नाही. ग्रंथालये लोकांच्या संस्थांनीच चालवायची आणि सरकारने अनुदान द्यायचे. त्यामुळे महाराष्ट्रात आजही ग्रंथालय म्हणजे कार्यकारी मंडळ, वार्षिक सभा, वसंत व्याख्यानमाला, बालवाचकांचा उन्हाळी वर्ग असे चित्र असते. कपाटांभोवतीची मंडळी टिकली, पण अनुदान वेळेवर न आल्याने ग्रंथपालाचा पगार अडतो. तमिळनाडूत उपकरामुळे पैशाचा झरा बांधला गेला, शाखा वाढल्या, नोकरदार ग्रंथपाल आले. मात्र कारभार सरकारी खात्याकडे गेल्याने लिटररी सोसायटीसारख्या मंडळांचा ग्रंथालयाशी संबंध सैल झाला. रंगनाथन यांच्या कल्पनेत या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. कायदा पैसा पुरवील आणि लोक ग्रंथालयात जमतील, असे त्यांना वाटत होते.

हा सैल झालेला धागा पुन्हा बांधण्याचे काम तमिळनाडूतली वाचक मंडळे करतात. तमिळमध्ये त्यांना ‘वासगर वट्टम’ म्हणतात. शाखा ग्रंथालयाशी जोडलेले हे मंडळ ग्रंथपालाच्या साथीने पुस्तकचर्चा, मुलांच्या स्पर्धा आणि लेखकांच्या भेटी ठरवते. परिसरातल्या लोकांना ‘पुरवलर’, म्हणजे आश्रयदाते करून घेऊन त्यांच्या देणगीतून ग्रंथालयाच्या गरजा भागवते. २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाला अशा ग्रंथालयांत कार्यक्रम होतात. शाळांच्या सुट्ट्या लागण्याच्या बेताचे ते दिवस असल्याने मुलांची हजेरी चांगली असते. तिरुवल्लिकेणीत मंडळी जमण्याची सवय इतरत्रही टिकून आहे. रमजानच्या संध्याकाळी मोठ्या मशिदीत फाळणीनंतर मद्रासला आलेल्या सिंधी कुटुंबांच्या सूफीदार ट्रस्टचे हिंदू स्वयंसेवक स्वतः रांधलेले शाकाहारी अन्न उपास सोडणाऱ्यांना वाढतात; गेली कित्येक दशके हे चालू आहे. चित्तिरैच्या मिरवणुकीत प्रबंध म्हणणाऱ्यांच्या ओळीत शाळकरी मुलेही उभी असतात.

महाराष्ट्रातल्या ग्रंथालय कार्यकर्त्याला तिरुवल्लिकेणीच्या या दीडशे वर्षांतून दोन गोष्टी नेता येतील. उपकराची मागणी इथे पुन्हा पुन्हा होते आणि मागे पडते. तमिळनाडूत तो सात दशकांहून अधिक काळ चालला आहे, तेव्हा त्याचे हिशेब मागवून पाहायला हरकत नाही. आणि तमिळनाडूच्या वाचक मंडळांना पुण्या-नाशिकच्या वसंत व्याख्यानमाला दाखवता येतील. कुडाळकर १९१९ मध्ये बडोद्याहून मद्रासला गेले होते ते अशाच देवघेवीसाठी. अंकांच्या टपालाने आणि माणसांच्या प्रवासाने या दोन प्रदेशांत तेव्हा जे येणे-जाणे होते, ते आज रेल्वेच्या एका प्रवासात पुन्हा सुरू करता येण्यासारखे आहे.